स्वस्तातला सिगार: ठाणे-नवी मुंबईच्या दमट हवेत कसा निवडावा, जपावा आणि ओढावा

सिगारबद्दल मिळणारे बहुतेक सल्ले थंड, कोरड्या देशांत राहणाऱ्यांनी दिलेले असतात. तिथे सिगार वाळून तडकू नये म्हणून सगळी धडपड असते. आपल्याकडे उलट. जूनच्या पहिल्या सरीपासून सप्टेंबर सरेपर्यंत, घोडबंदर रोडचा फ्लॅट असो की नेरूळचं रो-हाऊस, पापड सादळतो तसा सिगारही सादळतो. मग तो ओढला जात नाही, सारखा विझतो, तोंड कडू करतो आणि माणूस म्हणतो, "स्वस्तातला होता, असाच असणार." दोष बहुतेक वेळा किमतीचा नसतो. ओल आणि घाई या दोन गोष्टी सांभाळल्या, तर पाचशे रुपयांच्या आतला साधा सिगारसुद्धा रविवारची संध्याकाळ छान घालवतो. हा लेख त्या साध्या सिगारबद्दल आहे. लग्नात वाटायच्या किंवा प्रमोशनला पेटवायच्या महागड्या सिगारबद्दल नाही.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सिगारचा धूर छातीत ओढत नाहीत, म्हणून तो निर्धोक आहे हा समज चुकीचा आहे. सिगारच्या धुरातलं निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनही रक्तात जातं. तोंडाचा, घशाचा आणि अन्ननलिकेचा कर्करोग सिगार ओढणाऱ्यांनाही होतो. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. आजवर तंबाखूला हात लावला नसेल, तर हा लेख वाचून सुरुवात करू नका. ज्यांनी विचार करून ठरवलं आहे अशा प्रौढांसाठी मी हे लिहितो आहे, म्हणजे निदान पैसे वाया जाऊ नयेत आणि शेजाऱ्यांना त्रास होऊ नये.

काय काय लागेल

- वयाचा पुरावा. कायद्याने १८ वर्षांखालच्यांना तंबाखूचा कोणताही पदार्थ विकता येत नाही. चेहरा कोवळा असेल तर आधार किंवा लायसन्स खिशात ठेवा.
- दोन पात्यांचा साधा कटर. सुरुवातीला महाग कटरची गरज नाही, पण पातं धारदार हवं.
- ब्यूटेन गॅसचा लायटर किंवा लांब काड्यांची काडेपेटी.
- झाकणाला रबर असलेला, चारही बाजूंनी कुलपासारखा बंद होणारा प्लॅस्टिकचा डबा.
- ६५ टक्क्यांचं ह्युमिडिटी पॅक. हे पाकीट डब्यात ओल कमी असेल तर सोडतं आणि जास्त असेल तर शोषतं.
- छोटा डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली ओल मोजणारं यंत्र.
- जाड झिप-लॉक पिशव्या आणि राखेसाठी एखादं जड, पसरट भांडं.

लाकडी ह्युमिडॉर, म्हणजे आतली ओल सांभाळणारी सिगारची पेटी, या यादीत मुद्दाम नाही. स्वस्त ह्युमिडॉरचं झाकण क्वचितच घट्ट बसतं आणि पावसाळ्यात बाहेरची ओल आत येत राहते. रबराच्या झाकणाचा डबा आपल्या हवेत त्यापेक्षा कितीतरी चांगलं काम करतो.

१. काय विकत घ्यायचं ते आधी ठरवा

सिगारचे तीन थर असतात. बाहेर दिसतं ते गुंडाळीचं पान, त्याच्या आत सगळं घट्ट बांधून ठेवणारं पान आणि मध्ये भरण. महाग सिगारमध्ये हे भरण लांबच लांब अख्ख्या पानांचं असतं. स्वस्तात बहुधा कापलेल्या पानांचा चुरा असतो. चुरा म्हणजे वाईट माल असं समजू नका. तो लवकर आणि जरा गरम जळतो, राख भुसभुशीत पडते आणि अधूनमधून तंबाखूचा कण जिभेवर येतो. सावकाश ओढलं की हे सगळं चालवून घेता येतं. यंत्रावर बनवलेल्या सिगारमध्ये बांधणीचं पान अनेकदा तंबाखूच्या लगद्यापासून केलेल्या कागदासारख्या पट्टीचं असतं. पाकिटावर सगळं लिहिलेलं असतंच असं नाही. एक सिगार कापून बघितला की लगेच कळतं. नवा ब्रँड आणला की त्यातला एक मी उभा चिरून बघतो. आत काय भरलंय ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की तो किती जपून ओढायचा याचा अंदाज येतो.

आपल्यासाठी याहून महत्त्वाचा भेद दुसराच आहे, आणि दुकानात तो सहसा कोणी समजावून सांगत नाही. काही सिगार दमट ठेवायचे असतात, काही कोरडे. क्युबा, डोमिनिकन रिपब्लिक, निकाराग्वा, होंडुरास इथले हाताने वळलेले सिगार पहिल्या जातीचे. त्यांना ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते. डच आणि स्विस पद्धतीचे छोटे सिगार, पत्र्याच्या डबीत मिळणारे सिगारिलो, इटलीचे टोस्कानो आणि आपल्या तामिळनाडूचे चिरूट हे दुसऱ्या जातीचे. हे वाळवलेलेच असतात आणि कोरडेच ओढायचे असतात. नवख्याने सुरुवात या दुसऱ्या जातीपासून करावी असं माझं ठाम मत आहे. ते स्वस्त असतात, पाकीट उघडेपर्यंत फारसे बिघडत नाहीत, आणि लहान असल्यामुळे चव पटली नाही तरी फार नुकसान होत नाही.

तामिळनाडूच्या चिरुटांबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण आपल्याकडे परदेशी डबीपुढे त्यांना कोणी विचारत नाही. तिरुचिरापल्लीत, विशेषतः उरैयूर भागात, चिरूट वळण्याचा धंदा ब्रिटिश काळापासून आहे आणि त्याला दिंडिगुल पट्ट्यातल्या तंबाखूचा आधार होता. 'ट्रिचिनोपॉली' या नावाने हे चिरूट तेव्हा इंग्लंडपर्यंत जात. गोऱ्या साहेबांच्या आवडीचा हा माल दोन्ही टोकांना उघडा, वळणीला जरा ओबडधोबड आणि चवीला तिखट असतो. पहिल्या दोन-तीन झुरक्यांत घशाला झोंबतो, मग मातीसारखा, भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलासारखा स्वाद येऊ लागतो. ज्यांना सौम्य चव हवी त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. मला तो दुधाशिवायच्या फिल्टर कॉफीबरोबर फार आवडतो. कोणी चेन्नई किंवा त्रिचीकडून येणार असेल तर छोटं बंडल मागवून ठेवा.

टोस्कानोची गोष्टही आपल्याला जवळची वाटावी अशी आहे. १८१५ साली फ्लॉरेन्समध्ये तंबाखूचा माल पावसात भिजला, उन्हात वाळवताना तो आंबला, आणि फेकून देण्याऐवजी त्याचे स्वस्त सिगार वळले गेले, अशी त्याच्या जन्माची कथा सांगतात. हे सिगार मध्ये जाड आणि टोकांना निमुळते असतात. इटलीत ते सर्रास मधोमध कापून दोघांत वाटून ओढतात किंवा अर्धा उद्यासाठी ठेवतात. काटकसरीची ही रीत नवख्यांनी उचलण्यासारखी आहे.

मापाबद्दल एवढंच लक्षात ठेवा. लांबी इंचात सांगतात आणि जाडी 'रिंग गेज'मध्ये. एक रिंग म्हणजे इंचाचा ६४ वा भाग. ५० रिंगचा सिगार जवळपास २० मिलिमीटर जाड असतो, ४२ रिंगचा १७ मिलिमीटरच्या आसपास. पाच इंच लांब, ५० रिंगचा सिगार तासभर चालतो. सुरुवातीला तो जड होतो. चार-साडेचार इंच आणि ४२ रिंगच्या आतलं माप घ्या, अर्ध्या-पाऊण तासात संपतं. व्हॅनिला, चेरी, रम अशा वासाचे सिगार पहिल्यांदा घेऊ नका. त्यांत गोड अर्कच जास्त लागतो आणि तंबाखूची चव कळतच नाही.

२. दुकानात काय तपासायचं

कोपऱ्यावरच्या पानटपरीवर कधीकधी काचेच्या बरणीत किंवा उघड्या पेटीत सुटे सिगार ठेवलेले दिसतात. उन्हात, धुरात, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या धुळीत महिनोन्महिने पडलेला सिगार कितीही नावाजलेला असला तरी घेऊ नका. नौपाडा, गोखले रोड, वाशीचं सेक्टर १७ अशा जुन्या बाजारपेठांत फिरून तंबाखूची जरा मोठी दुकानं शोधा, जिथे माल खपतो आणि नवा येत राहतो. खप असलेल्या दुकानातली साधी डबी ही पडून राहिलेल्या भारी सिगारपेक्षा केव्हाही बरी. शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्याने बंदी आहे. तिथे विकणारा बाकीचे नियम पाळत असेल याची खात्री काय?

पाकीट हातात घ्या आणि या गोष्टी बघा:

- पुढच्या-मागच्या बाजूवर धोक्याचं चित्र आणि इशारा आहे का? भारतात विकायच्या पाकिटावर तो ८५ टक्के भागावर असावा लागतो. नसेल तर माल चोरट्या मार्गाने आलेला आहे.
- आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी आणि महिना-वर्ष छापलेलं आहे का?
- हाताने वळलेला सुटा सिगार असेल तर दोन बोटांत हलके दाबा. किंचित दबून परत वर यायला हवा. कुरकुर वाजला तर वाळला आहे, दबलेलाच राहिला तर सादळला आहे.
- गुंडाळीवर सुईने टोचल्यासारखी गोल छिद्रं आहेत का? असतील तर ती पेटीच नको.
- पांढरट थर दिसला तर दुकानदार म्हणेल, "हा जुनेपणाचा फुलोरा आहे, चांगलं लक्षण." आपल्या हवेत पांढरं म्हणजे बुरशी, असं धरून चाला आणि सिगार परत जागेवर ठेवून द्या.

सगळ्यात मोठा सापळा म्हणजे 'स्वस्त क्युबन'. ओळखीच्या ओळखीतून कोणीतरी काचेच्या झाकणाची चकचकीत पेटी दाखवतो, नावाजलेला ब्रँड असतो आणि भाव निम्म्याहून कमी. अस्सल क्युबन सिगार काचेच्या झाकणाच्या पेटीत येत नाहीत. आत काय वळलंय कोणाला ठाऊक! शिवाय अशा मालावर कर भरलेला नसतो. त्या पैशात चार प्रामाणिक डब्या येतात.

परदेशातून कोणी नातेवाईक येणार असेल तर प्रवासी सामानाच्या नियमांत माणशी २५ सिगारपर्यंत सवलत आहे. त्यात सिगारेट किंवा सुटी तंबाखू आणायची असेल तर ती वेगळी मिळत नाही, तीनपैकी एकच. आत्याला किंवा मेहुण्याला हे आधी सांगून ठेवा, म्हणजे विमानतळावर त्यांची अडचण होणार नाही.

३. घरी आणल्यावर: ओल आणि किडा

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या.

आधी हायग्रोमीटर खरं बोलतो का ते बघा. बाटलीच्या झाकणात चमचाभर साधं मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. मीठ विरघळून पाणी व्हायला नको. हे झाकण आणि हायग्रोमीटर झिप-लॉक पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी त्याने ७५ टक्के दाखवायला हवं, कारण मिठाच्या अशा लगद्यावरची हवा नेहमी तेवढीच दमट असते. तो ७१ दाखवत असेल तर पुढे कायम ४ मिळवून वाचा. हे केल्याशिवाय डब्यावर विश्वास ठेवू नका. स्वस्त हायग्रोमीटर सर्रास चार-पाच टक्क्यांनी चुकीचे असतात.

आता डबा. तो साबणाने धुऊन, दोन दिवस उघडा ठेवून, प्लॅस्टिकचा वास पूर्ण घालवा. मसाल्याला किंवा लोणच्याला वापरलेला डबा चालणार नाही, तो वास सिगारमध्ये उतरतो. ६५ टक्क्यांचं पाकीट आत ठेवा आणि हायग्रोमीटर स्थिर झाल्यावरच सिगार ठेवा. बाहेरचे लोक ६९ किंवा ७२ टक्के सुचवतात. आपल्याकडे खोलीचं तापमान बहुतेक वर्षभर तीसच्या आसपास असतं. इतक्या उकाड्यात ओल जास्त ठेवली तर बुरशीला आमंत्रणच. म्हणून ६५. डबा कपाटात, भिंतीपासून जरा लांब ठेवा. पावसाळ्यात पश्चिमेकडची भिंत ओल धरते हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. आठवड्यातून एकदा उघडा, मिनिटभर हवा लागू द्या, पण तेही कोरड्या दिवशी किंवा एसी चालू असताना. धो-धो पाऊस पडत असताना डबा उघडून "बघू तरी" करू नका.

पत्र्याच्या डबीतले छोटे सिगार, टोस्कानो आणि चिरूट या डब्यात ठेवायचे नाहीत. त्यांना वेगळ्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलची एक-दोन पाकिटं टाकून ठेवा. औषधाच्या बाटलीत किंवा नव्या बुटाच्या खोक्यात येतात तीच.

किड्याचं प्रकरण गंभीर आहे. तंबाखूत अंडी घालणारा एक दोन-तीन मिलिमीटरचा तांबूस तपकिरी भुंगेरा असतो. हळद, मिरची, धने यांच्या साठवणीतही हाच सापडतो, त्यामुळे तुमच्या घरी तो अनोळखी नाही. अंडी पानात आधीच असू शकतात. उकाडा वाढला की ती उबतात, अळी आतून तंबाखू खात जाते, आणि भुंगेरा बाहेर पडतो तेव्हा ते सुईसारखं छिद्र दिसतं. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर हे धोक्याचे महिने. उपाय फ्रीजरचा आहे. हाताने वळलेले सिगार नवे आणले की:

- दोन झिप-लॉक पिशव्यांत, हवा काढून, घट्ट बंद करा.
- फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवा. उणे १८ अंशांना तीन-चार दिवस पुरतात, पण घरच्या फ्रीजरचं दार सारखं उघडतं.
- मग पिशवी न उघडता खालच्या कप्प्यात एक दिवस.
- मग बाहेर, तरीही बंदच, खोलीइतकी उबदार होईपर्यंत.
- त्यानंतरच उघडून डब्यात ठेवा आणि दोन आठवडे विसरून जा.

गार पिशवी लगेच उघडली तर आपल्या हवेतली वाफ सिगारवर पाणी होऊन बसते आणि गुंडाळी फुटते. ही पायरी कितीही कंटाळवाणी वाटली तरी गाळू नका. एका किड्याने अख्खा डबा जातो.

४. कुठे बसायचं

सिगारेट आणि इतर तंबाखू उत्पादने कायदा, २००३ यात सिगार आणि चिरूटही येतात. त्याखालचे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू आहेत आणि सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान केल्यास २०० रुपयांपर्यंत दंड होतो. ऑफिस, मॉल, हॉटेलचा हॉल, रेल्वे स्टेशन, बसथांबा, सगळं त्यात आलं. सोसायटीचा जिना आणि लिफ्टसमोरची जागाही टाळा. ३० किंवा त्याहून जास्त आसनांच्या रेस्टॉरंटला धूम्रपानासाठी वेगळा कक्ष ठेवता येतो. जाण्याआधी फोन करून विचारा, आणि सिगार चालतो का हेही विचारा, कारण काही ठिकाणी फक्त सिगारेट चालते.

तलावपाळीला, उपवनला किंवा सीवूड्सच्या बाजूला खाडीकडे बसावंसं वाटेल. नको. तिथे लहान मुलं असतात, दम लागणारे आजी-आजोबा चालायला येतात, आणि सिगारचा धूर सिगारेटपेक्षा खूप लांब जातो. येऊरला तर मुळीच नको. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे आग पेटवायला बंदी आहे, आणि फेब्रुवारीनंतरच्या वाळलेल्या गवतात एक ठिणगी किती मोठा वणवा लावेल सांगता येत नाही.

राहते आपली स्वतःची गॅलरी. वरच्या मजल्यावर कपडे वाळत आहेत का, बाळ आहे का, खिडकी उघडी आहे का, ते बघा. वरच्या काकूंना एकदा जाऊन सांगा, "रविवारी संध्याकाळी अर्धा तास गॅलरीत बसतो, धूर आला तर हाक मारा, लगेच विझवीन." एवढं बोलून ठेवलं की पुढे सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघत नाही. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर गॅलरीचं काचेचं दारही बंद ठेवा.

वाऱ्याकडे लक्ष द्या. संध्याकाळी खाडीवरून किंवा डोंगराकडून झुळूक सुटली की सिगार एका बाजूने भराभर जळतो. वाऱ्याला पाठ करून बसा. पंख्याखाली ओढू नका, तेच होतं.

५. कापणं

बंद टोकाला एक छोटी टोपी चिकटवलेली असते. तिच्या खालून सिगार सरळ होतो, तो खांदा. कट खांद्याच्या वर, जेमतेम दोन मिलिमीटरचा. खाली कापलं तर गुंडाळी उलगडत जाते. कटर टेबलावर सपाट ठेवून सिगार उभा आत घातला तर फार खोल जाणं शक्यच नसतं. पातं एका झटक्यात मिटा, हळूहळू दाबलं की पान चिरडतं. चिरूट आणि पुष्कळसे छोटे सिगार टोकाला उघडेच असतात, त्यांना काही करायचं नाही.

कापल्यावर न पेटवता एक-दोन झुरके घ्या. हवा सहज यायला हवी. अजिबात येत नसेल तर सिगार सादळलेला आहे. तो एसीच्या खोलीत, उघड्या कागदावर, एक रात्र ठेवा आणि दुसऱ्या दिवशी ओढा. पावसाळ्यात मी कुठलाही हाताने वळलेला सिगार ओढायच्या आदल्या रात्री डब्यातून काढून असाच ठेवतो.

६. शिलगावणं

पेट्रोलचा लायटर आणि मेणबत्ती नको, वास लागतो. काडी वापरणार असाल तर डोक्यावरचं गंधक पूर्ण जळू द्या, मग जवळ न्या. गॅलरीत वारा असेल तर जेट लायटर, म्हणजे वाऱ्यात न विझणारी जोरकस ज्योत देणारा गॅस लायटर, बरा. तो भरताना आधी वॉल्व्ह छोट्या स्क्रू-ड्रायव्हरने दाबून आतली हवा सोडा, मग लायटर उलटा धरून गॅस भरा आणि पाच मिनिटं थांबा. हवा अडकली असेल तर ज्योत फुरफुरत राहते आणि लोक उगाच लायटर टाकून देतात.

सिगार ज्योतीत घालायचा नाही. ज्योतीच्या जरा वर, तिरका धरून, हळूहळू फिरवत कडा भाजून घ्या. सगळी कड सारखी काळसर झाली की तोंडाला लावा, ज्योत जवळ ठेवून फिरवत दोन-तीन हलके झुरके घ्या. मग टोक आपल्याकडे वळवून हळूच फुंका. निखारा सगळीकडे सारखा लाल दिसला पाहिजे. जिथे काळं दिसेल तिथे परत ज्योत दाखवा. यात मिनिटभर जाऊ द्या. इथे घाई केली तर पुढचा अर्धा तास तिरका जळणारा सिगार सांभाळण्यात जातो.

७. ओढणं

पोट भरलेलं असू द्या. उपाशीपोटी ओढला तर निकोटिन चढतं, कपाळावर गार घाम येतो, मळमळतं, गरगरतं. असं झालंच तर सिगार लगेच ठेवून द्या, मोकळ्या हवेत बसा, पाणी प्या आणि गुळाचा खडा किंवा साखर तोंडात टाका. आडवं पडावंसं वाटलं तर पडा. बळजबरीने संपवायचं नाही.

धूर तोंडात घ्यायचा, क्षणभर फिरवायचा आणि सोडायचा. छातीत ओढायचा नाही. सिगारेट ओढणाऱ्यांना ही सवय मोडणं जड जातं, म्हणून त्यांनी पहिले दहा झुरके अगदी लक्ष देऊन घ्यावेत. दोन झुरक्यांमध्ये मिनिटभर जाऊ द्या. स्वस्त सिगारला तर दीड मिनिटही चालेल, कारण चुऱ्याचं भरण लवकर तापतं, आणि तापलं की कडवटपणा आणि जिभेला चटका ठरलेला. सिगार बोटांना गरम लागू लागला तर खुशाल खाली ठेवा. मोबाइलवर काही बघत बसलात तर झुरक्यांचा वेग आपोआप वाढतो, म्हणून कोणाशी तरी गप्पा मारत ओढावा.

बरोबर काय घ्यावं? कोरी कॉफी, बिनदुधाचा आल्याचा चहा किंवा नुसतं पाणी. दुधाच्या चहाने जीभ झाकली जाते. कोकम सरबत मला उन्हाळ्यात आवडतं, दोन झुरक्यांमध्ये तोंड साफ होतं. सुरुवातीला दारूबरोबर ओढू नका, गरगरलं तर कशामुळे तेच कळत नाही.

राख सिगारेटसारखी सारखी झाडू नका. अर्धा-पाऊण इंच वाढू द्या, ती निखारा थंड ठेवते. चुऱ्याच्या सिगारची राख लवकर पडते, म्हणून भांडं हाताखालीच असू द्या. राख आपोआप पडायच्या बेताला आली की भांड्याच्या कडेला हलकेच टेकवा.

८. काय बिघडतं आणि काय करायचं

एका बाजूने जळतोय: न जळणारी बाजू खाली धरा आणि थोडं थांबा. सरळ झाला नाही तर त्या बाजूला ज्योत दाखवा.

मधोमध बोगदा पडतोय, बाहेरचं पान जळत नाही: गुंडाळी ओली आहे. राख झाडून कडा पुन्हा भाजून घ्या. त्या डब्यातले बाकीचे सिगार एक-दोन रात्री वाळवा.

विझला: राख पूर्ण पाडा, सिगारमधून बाहेरच्या दिशेने हळूच फुंकून शिळा धूर काढा, मग पेटवा. पावसात दोन-तीनदा विझणं स्वाभाविक आहे. तासाभरापूर्वी विझलेला मात्र परत पेटवू नका, भयंकर कडू लागतो.

गुंडाळी सुटतेय: बोटाला किंचित पाणी लावून कड चिकटवा. ब्रँडच्या नावाची कागदी पट्टी असेल तर ती सुटलेल्या जागेवर सरकवून धरा.

अचानक कडू झाला: सावकाश ओढा. तरीही कडूच असेल तर तो संपला असं समजा. शेवटच्या तिसऱ्या भागात डांबर आणि निकोटिन साठत जातं, आणि स्वस्त सिगारमध्ये ते लवकर जाणवतं. तिथे सोडून दिल्याने काही बिघडत नाही.

९. नंतरचं

सिगार चिरडून विझवू नका. भांड्यात नुसता ठेवला की दोन-चार मिनिटांत आपोआप विझतो आणि वास कमी येतो. गार झाल्यावर थोटूक आणि राख पाण्यात बुडवा, मग कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाका. गॅलरीतून खाली टाकायचं नाही आणि कुंडीतही पुरायचं नाही. थोटुकातलं निकोटिन घरातल्या मांजराला किंवा रांगणाऱ्या बाळाला घातक आहे. सिगारचा डबा आणि लायटरसुद्धा मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा उंचीवर ठेवा.

राखेचं भांडं त्याच रात्री धुवा. सकाळी त्या भांड्याचाच वास घरभर असतो आणि घरच्यांची तक्रार तिथूनच सुरू होते. अंगातला शर्ट वेगळा टाका, दात घासा, जीभ घासा. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा तोंड उघडायला त्रास, यांपैकी काहीही दिसलं तर सिगार बंद आणि थेट दंतवैद्याकडे.

डब्याच्या झाकणावर कागद चिकटवून प्रत्येक सिगारची तारीख लिहीत जा. महिन्याला दोन-तीन ओळी असतील तर ठीक. ओळी दाट होऊ लागल्या, किंवा संध्याकाळ झाली की सिगारशिवाय चैन पडेनासं झालं, तर डबा कोणाला तरी देऊन टाका आणि १८००-११-२३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनवर बोला. फोन मोफत आहे.